अंडाशयातली मूलपेशी: हाती लागणं वेगळं, ओळख पटणं वेगळं

मार्मोसेट नावाचं एक इवलंसं माकड आहे. पूर्ण वाढलं तरी वजन ३५० ते ४०० ग्रॅमच्या आसपास, आणि मादी बहुतेक वेळा जुळ्यांना जन्म देते. तिच्या नवजात मादी पिल्लाचं अंडाशय सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर आत अजून काम चालू असलेलं दिसतं. बीजपेशींनी, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे बीजांडं होतात त्या पेशींनी, एकीच्या दोन, दोनाच्या चार होत संख्या वाढवायची, हे काम माणसाच्या मुलीत आईच्या पोटातच उरकलेलं असतं. मार्मोसेटच्या पिल्लात मात्र अशा विभागणाऱ्या पेशी जन्माच्या वेळीही भरपूर सापडतात. जर्मनीत ग्यॉटिंगेन इथे प्राइमेट प्राण्यांच्या संशोधनाचं एक मोठं केंद्र आहे. तिथल्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये हे तपशीलवार मांडलं आणि पुढे याच अंडाशयातल्या पेशी त्यांनी काचेच्या बशीत दीर्घकाळ वाढवल्या. त्या बशीत बीजांडासारख्या दिसणाऱ्या मोठ्या, गोल पेशी तयार होत राहिल्या.

'बीजांडासारख्या दिसणाऱ्या' हे शब्द लक्षात ठेवा. जन्मानंतरही अंडाशयात नवी बीजांडं घडवणाऱ्या मूलपेशी असतात का, यावरचं जवळजवळ सगळं भांडण त्या शब्दांत आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. मुलगी आईच्या पोटात साधारण ५ महिन्यांची असते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून ६० ते ७० लाख बीजपेशी असतात. जन्मताना १० ते २० लाख उरतात, वयात येताना ३ ते ४ लाख, आणि पन्नाशीच्या आसपास पाळी थांबते तेव्हा सुमारे हजार. आयुष्यभरात प्रत्यक्ष पक्व होऊन बाहेर पडणारी बीजांडं ४०० च्या घरात. बाकीची सगळी अंडाशयातच विरून जातात. पुरुषाच्या वृषणात असं नसतं. तिथे मूलपेशी असतात. मूलपेशी विभागली की तिच्यासारखीच एक पेशी मागे राहते आणि दुसरी शुक्राणू होण्याच्या वाटेला लागते, म्हणून शुक्राणूंचं उत्पादन म्हातारपणापर्यंत चालू राहतं. बाईच्या अंडाशयातही अशी एखादी पेशी असेल का, हा प्रश्न आहे. असेल, तर कर्करोगाच्या औषधांनी अंडाशय रिकामं झालेल्या तरुणीला, किंवा तिशीतच पाळी थांबलेल्या बाईला स्वतःच्या बीजांडाची आशा उरते. म्हणूनच हा विषय कोरडेपणाने मांडणं मला जमत नाही.

उत्तर 'नाही' आहे, असं दीर्घकाळ मानलं गेलं. हाइनरिख वाल्डायर या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने १८७० मध्ये म्हटलं होतं की मादी आपली सगळी बीजांडं घेऊनच जन्माला येते. (गुणसूत्र आणि चेतापेशी या दोन्हींसाठी आज जगभर चालणारे शब्दही याच गृहस्थाने दिले.) पुढची ८० वर्षं त्यावर वाद होत राहिला. १९५१ मध्ये सॉली झुकरमन यांनी तोवरचा पुरावा एकत्र तपासून वाल्डायरच्या बाजूने कौल दिला आणि तो पाठ्यपुस्तकांत पक्का बसला. झुकरमन मुळात माकडांचे अभ्यासक होते, आणि त्यांच्या निष्कर्षाला पहिलं ठोस आव्हान आलं तेही माकडावरच्याच कामातून. १९५६ मध्ये व्हर्मांडे-व्हान एक या संशोधिकेने ऱ्हीसस माकडाच्या अंडाशयात मरत असलेली बीजांडं मोजली. साठा इतक्या झपाट्याने मरत असेल आणि तरी संपत नसेल, तर कुठून तरी भर पडत असली पाहिजे, असा तिचा युक्तिवाद होता. त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही.

दुसरी एक गोष्ट मला नेहमीच नवलाची वाटत आली आहे. प्राइमेट म्हणजे माकडं, वानरं, लेमूर, लोरिस आणि आपण, असं हे मोठं कुटुंब. त्यातल्या लोरिस आणि गॅलॅगो, म्हणजे बुशबेबी, या जुन्या शाखेतल्या प्राण्यांच्या प्रौढ माद्यांमध्ये विभागणाऱ्या बीजपेशींचे पुंजके दिसतात. १९६० च्या दशकापासून हे वारंवार नोंदवलं गेलं आहे. त्या पेशींपैकी किती जणी पुढे खरीखुरी बीजांडं होतात हा प्रश्न वेगळा, आणि पुष्कळशा मध्येच मरतात. पण आपल्याच कुटुंबातल्या काही प्राण्यांत जे दिसतं ते दुसऱ्यांत अशक्यच आहे, असं नुसत्या तत्त्वावर म्हणता येत नाही. प्रत्येक प्राण्यात जाऊन पाहावंच लागतं.

२००४ मध्ये वाद पुन्हा पेटला. जोनाथन टिली आणि त्यांच्या बॉस्टनमधल्या सहकाऱ्यांनी उंदरांमध्ये जवळपास तोच हिशेब मांडला: मरणारी बीजांडं आणि शिल्लक साठा यांचा मेळ बसत नाही, म्हणून नवी बीजांडं तयार होत असली पाहिजेत. पुढच्याच वर्षी त्यांनी ही भर अस्थिमज्जेतून येत असावी असं सुचवलं. तो दावा टिकला नाही. २००६ मध्ये दुसऱ्या एका गटाने दोन उंदरांचं रक्ताभिसरण एकमेकांना जोडून दाखवलं की एकीच्या रक्तातल्या पेशींपासून दुसरीत बीजांडं तयार होत नाहीत. पण मूळ प्रश्न त्याने मिटला नाही. २००९ मध्ये शांघायच्या गटाने उंदराच्या अंडाशयातून काही पेशी वेगळ्या केल्या, बशीत वाढवल्या, वांझ केलेल्या माद्यांच्या अंडाशयात सोडल्या आणि पिल्लं जन्मल्याचं जाहीर केलं. २०१२ मध्ये टिली यांच्या गटाने २२ ते ३३ वयाच्या स्त्रियांच्या अंडाशयांतून तशाच पेशी काढल्याचं लिहिलं. त्या महिनोन्महिने वाढवता येतात आणि आपोआप ३५ ते ५० मायक्रोमीटरच्या बीजांडांसारख्या पेशी घडवतात, असं त्यात होतं. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचं पक्व बीजांड १०० मायक्रोमीटरच्या वर असतं.

आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ. या पेशी काढतात कशा, हे कळल्याशिवाय भांडण कळत नाही.

अंडाशयाला बाहेरची साल असते आणि आतला गाभा. बीजांडं बहुतेक सालीत असतात, म्हणून साल सोलून घेतात. ती चिवट असते, कारण कोलॅजेन नावाच्या दोरखंडासारख्या प्रथिनाने ती विणलेली असते. बारीक तुकडे करून ते कोलॅजेनेज या एन्झाइममध्ये कोमट तापमानाला ठेवतात. हे एन्झाइम ती वीण उसवतं आणि पेशी सुट्या होतात. त्याचबरोबर डीएनएज हे दुसरं एन्झाइमही घालतात, कारण या झटापटीत काही पेशी फुटतात, त्यांच्यातला डीएनए बाहेर सांडतो आणि तो चिकट असल्याने सगळ्याचा गोळा होतो. या टप्प्याला वेळेचं भान फार लागतं. एन्झाइम कमी वेळ लावलं तर पेशी सुटत नाहीत, जास्त लावलं तर ते पेशींचा पृष्ठभागच कुरतडतं. आणि पुढची सगळी ओळख त्या पृष्ठभागावरच अवलंबून असते.

मग गाळणं. १०० मायक्रोमीटरच्या जाळीतून आणि नंतर ४० च्या जाळीतून. मोठी बीजांडं आणि न सुटलेले गोळे वर राहतात, बारीक पेशी खाली येतात. पण अगदी सुरुवातीच्या अवस्थेतलं, झोपलेलं बीजांड ३५ मायक्रोमीटरच्या आसपास असतं. म्हणजे गाळून आलेल्या द्रवात आधीपासूनची काही छोटी बीजांडं असू शकतात. आठवड्यांनी बशीत एखादं बीजांड दिसलं, तर ते नवं घडलेलं की गाळण्यातून निसटून आलेलं, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

यानंतर निवड. अंडाशयात बीजपेशी अगदी थोड्या. बाकी सगळी गर्दी आधार देणाऱ्या पेशींची, रक्तवाहिन्यांच्या पेशींची आणि रोगप्रतिकारक पेशींची. हवी ती पेशी वेचायला अँटीबॉडी वापरतात, म्हणजे ठराविक प्रथिनाला जाऊन चिकटणारा रेणू. इथे ज्या प्रथिनावर भिस्त आहे त्याचं नाव डीडीएक्स-४. जवळपास सगळ्या प्राण्यांच्या बीजपेशींत ते असतं, इतर पेशींत नसतं. अँटीबॉडीला चमकणारा रंग जोडतात आणि पेशींचा द्रव सेल सॉर्टर या यंत्रातून सोडतात. यंत्र त्या द्रवाची बारीक धार करतं, धारेचे थेंब पाडतं आणि प्रत्येक पेशी लेसरसमोरून जाते. ती चमकली तर तिच्या थेंबाला विद्युतभार दिला जातो आणि पुढच्या विद्युतक्षेत्रात तो थेंब वळून वेगळ्या नळीत पडतो. सेकंदाला हजारो पेशी अशा तपासल्या जातात. सोबत मेलेल्या पेशींना रंगवणारं दुसरं रसायनही घालतात. मेलेल्या पेशीचं आवरण भोकं पडलेल्या पोत्यासारखं असतं, अँटीबॉडी आत शिरते आणि ती पेशी खोटंच चमकते.

खरा पेच इथेच आहे. डीडीएक्स-४ हे पेशीच्या आत काम करणारं प्रथिन आहे. ते आरएनएचे पीळ सोडवतं. जिवंत पेशीच्या आतल्या प्रथिनापर्यंत अँटीबॉडी पोहोचत नाही. टिली यांच्या गटाचं म्हणणं असं की मूलपेशींमध्ये या प्रथिनाचं एक टोक आवरणातून बाहेर डोकावतं; बीजांड तयार झालं की ते पुन्हा आत जातं. हे खरं असेल तर फार सुंदर खूण हाती लागली. विरोधकांनी विचारलं, ती अँटीबॉडी दुसऱ्याच कशाला चिकटत असेल तर?

वेचलेल्या पेशी वाढवायच्या तर त्यांना सोबत लागते. बशीच्या तळाला उंदराच्या भ्रूणातल्या पेशींचा एक थर आधी अंथरतात. मायटोमायसिन सी हे औषध देऊन त्यांचं विभाजन थांबवलेलं असतं. त्या जिवंत राहतात, वाढीला पोषक द्रव्यं सोडतात, पण संख्येने वाढून जागा व्यापत नाहीत. वर क्षार, शर्करा, अमिनो आम्लं आणि सीरम असलेलं पोषक द्रव. त्यात चार-पाच वृद्धिघटक घालतात. त्यांपैकी जीडीएनएफ हा घटक वृषणातल्या मूलपेशींना मूलपेशीच ठेवतो, हे आधीपासून माहीत होतं. तिथलं शहाणपण इथे उसनं आणलं आहे. इन्क्युबेटरमध्ये तापमान ३७ अंश, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, म्हणजे द्रवाची आम्लता रक्ताच्या जवळपास राहते. दर एक-दोन दिवसांनी द्रव बदलायचा आणि वाट पाहायची. उंदराच्या पेशींपेक्षा माणसाच्या पेशी हळू रुजतात. पुंजके दिसायलाच काही आठवडे जातात.

बशीतली वाढ स्वतःच दिशाभूल करू शकते. बशीत जी पेशी सर्वांत वेगाने विभागते तिचंच राज्य येतं, मग ती आपल्याला हवी असलेली असो वा नसो. सुरुवातीला हजारात एखादी चुकीची पेशी आली तरी महिन्याभराने बशीभर तीच असू शकते. शिवाय शरीराबाहेर, अनोळखी द्रवात आठवडेच्या आठवडे राहिलेली पेशी शरीरात कधीच न वापरलेली जनुकंही चालू करते. बशीतल्या पेशीत बीजपेशीचं एखादं जनुक चालू दिसलं म्हणजे ती अंडाशयातही बीजपेशी होती, असं त्यावरून ठरत नाही.

मग ओळख पटवायची कशी? मला तरी पायऱ्या अशा दिसतात. पहिली, जनुकं: बीजपेशीच्या सुरुवातीच्या अवस्थेतली जनुकं चालू आहेत का, एकच नव्हे तर त्यांचा पूर्ण संच. ही पायरी चढणं सोपं आहे आणि बरेचसे दावे इथेच थांबतात. दुसरी, आकार: गोल, मोठी, भोवती पारदर्शक कवच. यातही फसगत होते, कारण फुगलेली, मरणाच्या दारातली पेशीही गोल आणि मोठी दिसते. तिसरी पायरी अर्धसूत्री विभाजनाची, आणि खरी परीक्षा इथून सुरू होते. बीजांड होण्यासाठी आईकडून आणि वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांनी जोड्या लावायच्या, तुकड्यांची अदलाबदल करायची आणि मग संख्या निम्मी करायची. ही क्रिया सूक्ष्मदर्शकाखाली टप्प्याटप्प्याने पाहता येते. २०१२ च्या शोधनिबंधात पुरावा म्हणून बशीतल्या काही पेशींत डीएनए एकपट, म्हणजे पूर्ण निम्म्यावर आलेला दाखवला होता. टीकाकारांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं: सस्तन प्राण्याचं बीजांड शेवटचं विभाजन शुक्राणू आत शिरल्यावरच पूर्ण करतं. शुक्राणूच नाही तर एकपट डीएनए असलेलं बीजांड आलं कुठून? ही हरकत मला सर्वांत वजनदार वाटते. चौथी पायरी फलनाची आणि पिल्लाची. उंदरात ती गाठल्याचा दावा आहे. माणसात ती तपासणं नैतिकदृष्ट्या शक्य नाही. उरतात माकडं.

ऱ्हीसस माकडाचं मासिक चक्र आपल्यासारखंच सुमारे २८ दिवसांचं. मादीला पाळी येते, आणि विशीच्या मध्यात ती थांबतेही. उंदराचं चक्र ४-५ दिवसांचं. उंदरात एखादी गोष्ट घडते म्हणून ती पन्नाशीकडे झुकलेल्या बाईच्या अंडाशयातही घडेल, ही फार लांबची उडी आहे. माकडामुळे ती थोडी जवळ येते. अडचण अशी की माकडाचं अंडाशय मिळणं दुर्मीळ, आणि असावंही. केवळ या कामासाठी माकड मारणं मला पटत नाही. पुष्कळदा इतर संशोधनातल्या प्राण्यांचे अवयव वाया जाऊ न देता इथे वापरले जातात. त्यामुळे नमुने मोजके, वयं निरनिराळी, आणि प्रयोग पुन्हा करून पाहायला वर्षं लागतात. माणसासाठी किंवा उंदरासाठी बनवलेली अँटीबॉडी माकडाच्या प्रथिनाला तितकीच नेमकी चिकटते का, हेही दर वेळी नव्याने तपासावं लागतं.

माकडांवरच्या कामाने आजवर काय दाखवलं? एका बाजूला नवजात मार्मोसेटच्या बशीतल्या त्या पेशी. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतल्या गटानेही २०११ मध्ये माकड, मेंढी, ससा आणि पाळी थांबलेल्या स्त्रिया यांच्या अंडाशयाचा पृष्ठभाग खरवडून तिथे १ ते ३ आणि ४ ते ७ मायक्रोमीटरच्या दोन प्रकारच्या मूलपेशीसदृश पेशी दिसल्याचं लिहिलं. दुसऱ्या बाजूला, २०१३ मध्ये एका चिनी गटाने प्रौढ ऱ्हीसस माकडांची अंडाशयं तपासली आणि नवी बीजांडं तयार होत असल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. २०२० मध्ये लांब शेपटीच्या मकाक माकडांच्या अंडाशयातल्या २,६०१ पेशींत कोणकोणती जनुकं चालू आहेत, याची एकेक करून नोंद झाली. चार तरुण माद्या आणि चार म्हाताऱ्या. त्यात सात प्रकारच्या पेशी ओळखल्या गेल्या, बीजांडंही होती. मूलपेशींचा गट त्या सातांत नव्हता. पेशी अतिदुर्मीळ असेल तर अडीच हजारांत ती सापडणारही नाही, हे मात्र प्रामाणिकपणे धरून चालावं लागतं.

त्याच वर्षी स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेने माणसाच्या अंडाशयाच्या सालीतल्या हजारो पेशींवर तेच केलं आणि पुढे जाऊन डीडीएक्स-४ च्या अँटीबॉडीने वेचलेल्या पेशींचीही नोंद केली. त्या निघाल्या बारीक रक्तवाहिन्यांना लगटून असणाऱ्या पेशी. बीजपेशींची जनुकं त्यांच्यात चालू नव्हती. टिली यांच्या गटाने २०२२ मध्ये उत्तर दिलं की नमुना हाताळण्याची आणि विश्लेषणाची पद्धत बदलली तर त्या पेशी दिसतात. माझं मत विचाराल तर प्रौढ स्त्रीच्या अंडाशयात रोज नवी बीजांडं घडवणारी यंत्रणा आहे, हे मानायला आजचा पुरावा अपुरा आहे. बशीत बीजपेशीचे काही गुण दाखवणारी एखादी दुर्मीळ पेशी अंडाशयात असण्याची शक्यता मी मोडीत काढत नाही. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची सतत गल्लत होते.

त्या गल्लतीची किंमत खऱ्या बायकांनी मोजली आहे. ओव्हासायन्स नावाची अमेरिकी कंपनी २०११ मध्ये याच शोधावर उभी राहिली. अंडाशयाच्या सालीचा तुकडा काढायचा, त्यातल्या 'बीजपूर्व' पेशींतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणारे घटक, काढून घ्यायचे आणि शुक्राणूसोबत त्याच बाईच्या बीजांडात सोडायचे, असा तो उपचार. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने आधी रीतसर परवानगी घ्या असं सांगितल्यावर कंपनीने तो इतर देशांत देऊ केला. २०१५ मध्ये कॅनडात पहिलं बाळ जन्मलं आणि जगभर मथळे झळकले. पण एका बाळावरून काहीच कळत नाही, कारण उपचाराशिवायही ते झालं असतं की नाही हे कोण सांगणार? स्पेनमध्ये मग नीट चाचणी झाली. एकाच स्त्रीची अर्धी बीजांडं उपचार करून, अर्धी न करता. भ्रूणांच्या दर्जात फरक पडला नाही आणि चाचणी मध्येच थांबवली गेली. २०१९ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तोवर कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती. मूल हवं म्हणून वर्षानुवर्षं झगडणाऱ्या ज्या बायकांनी पोटाला छेद घेऊन अंडाशयाचा तुकडा दिला, त्यांना ही चाचणी उपचारानंतर नव्हे, उपचाराआधी मिळायला हवी होती.

दरम्यान दुसरी एक वाट पुढे सरकली आहे. २०१८ मध्ये जपानच्या क्योटोमधल्या गटाने माणसाच्या रक्तपेशींना आधी भ्रूणातल्या पेशींसारखं केलं आणि मग उंदराच्या भ्रूणातल्या अंडाशय-पेशींच्या संगतीत ठेवून त्यांच्यापासून बीजजनक पेशींसारख्या पेशी बनवल्या, म्हणजे नवजात मार्मोसेटच्या अंडाशयात दिसतात साधारण तशा. बीजांडापर्यंतचा पल्ला अजून लांब आहे. पण या वाटेवर निदान सुरुवात कुठून झाली याबद्दल वाद नाही.

प्रौढ माकडाच्या बाबतीत वाद मिटवणारा प्रयोग कसा असेल, ते मात्र आज नीट सांगता येतं. मादीच्या अंडाशयातून पेशी वेचायच्या, एकेक पेशी वेगळ्या बशीत ठेवून तिच्यापासूनच वंश वाढवायचा, म्हणजे भेसळीचा प्रश्न उरत नाही. त्या वंशाच्या डीएनएवर कायमची खूण कोरायची. मग तो दुसऱ्या मादीच्या अंडाशयात सोडायचा. महिने जाऊ द्यायचे. तिथे आलेल्या बीजांडांपैकी खूण असलेली किती, हे मोजायचं, त्यांचं फलन करायचं, आणि गर्भ राहिला तर मार्मोसेटच्या मादीत आणखी पाचेक महिने थांबायचं. जन्मलेल्या पिल्लाच्या प्रत्येक पेशीत ती खूण सापडली तर प्रश्न सुटला. असं पिल्लू आजवर कुणी दाखवलेलं नाही.